पाठमोरी ट्यूब

मल्लेश हा पेठेतला कापडदुकानदार. माणूस सरळ, पण त्याला नाद असा लागला की घरात तोंडातून काढायची सोय नव्हती. त्याला मासे धरायचा छंद जडला. खात नव्हता हो! घर लिंगायताचं, तिथं अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. गळाला लागलेला मासा तो हळूच सोडवायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. पण हे आईला पटवणार कोण? चन्नम्मा, म्हणजे त्याची अव्वा, कुणी मुंगी चिरडली तरी दिवसभर हळहळणारी बाई. तिला कळलं तर तिच्यासमोर मान वर करता येणार नाही, ही मल्लेशची खरी भीती. म्हणून सोमवारी दुकान बंद असलं की तो "कागलच्या पावण्यांकडं जाऊन येतो" म्हणून निघायचा आणि गडमुडशिंगीच्या पुढच्या तलावावर जाऊन बसायचा.

नाद लावला जोतीरामनं. त्याचं पंक्चरचं दुकान मल्लेशच्या दुकानाला लागूनच. काठावरून गळ टाकून मल्लेश कंटाळला, तेव्हा तो म्हणाला, "मधी जाऊन बसायचं आसंल तर ट्यूब घे. ट्रॅक्टरची नगं, लई मोठी हुती, त्यात तू नुसता लोंबकाळशील. ट्रकची बघ. आन् व्हॉल्व भाईरच्या अंगाला ठेव, न्हायतर पोट ओरबाडंल."

मल्लेशला एवढ्यावर थोडंच भागणार! त्यानं ट्यूबवर खाटेच्या नवारीची बैठक विणून घेतली. पुण्याहून पायात घालायचे रबरी पंजे आणले, नारिंगी जाकीट आणलं. पंजे बघून जोतीराम हसून हसून खाली बसला. "बदकाच्या लग्नाला निघालायस व्हय रं?" जाकिटाला मात्र तो हसला नाही. उलट त्याच्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असा दम दिला.

ट्यूब पाण्यात घालायचा मुहूर्त नेमका श्रावणातल्या सोमवारी आला. अव्वा देवळात जाणार ती पेठेतल्याच, हे मल्लेश धरून चालला होता.

काठावर कपडे उतरवताना त्याचा हात गळ्याशी गेला. चांदीच्या करंड्यातलं, कधी अंगावेगळं न करायचं इष्टलिंग तिथं होतं. काठावर बसून गळ टाकताना तो ते शर्टाच्या आत दडवायचा आणि मनाची समजूत घालायचा. आज शर्टाचा आडोसा नसताना, त्याच्यासमोर मासा हातात कसा धरायचा? त्याला शरमल्यासारखं झालं. त्यानं ते काढून करंजाच्या फांदीला अडकवलं.

"आरं, ऱ्हाऊ दे की गळ्यात," ट्यूब घेऊन बरोबर आलेला जोतीराम म्हणाला. मल्लेशनं ऐकलं नाही.

ट्यूबवर बसून पाय मारले की माणूस पाठमोरा जातो, पुढचं काही दिसत नाही. मल्लेशला तर फक्त गळाची दोरी दिसत होती. वारा सुटला, त्यातच मोठी चिलापी लागली. तिला आवरता आवरता तो पाय मारत राहिला आणि वाऱ्याबरोबर मागं मागं सरकत गेला. मासा हातात आला तेव्हा पाठीमागं बायकांचा गलका ऐकू आला. पलीकडच्या काठावर महादेवाचं देऊळ होतं. यंदा पेठेतल्या बायका वडापची जीप करून तिथं आल्या होत्या.

"मल्लेश?"

अव्वाचा आवाज. चिलापी हातातून निसटून पाण्यात गेली. ट्यूब काठाला लागली. मल्लेशला वळवेना, पण वळावं लागलंच. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. लाजेनं त्याचे कान तापले. अव्वानं ना मासा पाहिला, ना पंजे. ती त्याच्या उघड्या गळ्याकडं बघत होती.

"गळ्यातलं कुठं हाय?"

"पल्याड... झाडाला. त्याच्याम्होरं मासा धरायला नगं वाटलं, अव्वा. खात न्हाय मी. सोडून देतो."

"म्हंजे हे करू न्हाय, हे तुला ठावं हुतं," चन्नम्मा हळू आवाजात म्हणाली. "तरी केलंस. आन् उतरून ठिवलंस ते त्यालाच?"

मल्लेशनं खाली वाकून पायातले पंजे काढले.

बायका फराळाला बसल्या. अव्वा बसली नाही. डबा काखेत धरून ती बांधावरून चालू लागली. "ते गळ्यात पडल्याबिगर तुझ्या पोटात पाण्याचा थेंब जायचा न्हाय. माझ्याबी." गुडघ्यानं अधू असलेली म्हातारी, ऊन डोक्यावर. मागून नारिंगी जाकिटातला पोरगा, हातात रबरी पंजे. वाटेत ती अडखळली, त्यानं हात पुढं केला. तिनं धरला नाही.

करंजापाशी जोतीराम खाली मान घालून उभा होता. मल्लेशनं लिंगाकडं हात नेला आणि थांबला. हाताला माशाचा वास येत होता. तो तलावाशी जाऊन माती लावून हात घासून आला. वास जाईना. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा अव्वानं फांदीवरचा दोरा काढला.

"मान खाली कर."

तिनं ते त्याच्या गळ्यात घातलं. मग डबा उघडला. त्यानं खिचडी घ्यायला हात पुढं केला, तसा तिनं डबा मागं घेतला.

"त्या हातानं नगं," ती म्हणाली आणि तिनंच घास त्याच्या तोंडाशी धरला. चाळिशीच्या मल्लेशनं, जोतीरामच्या देखत, तोंड उघडलं. घास गिळेपर्यंत त्याला वर बघता आलं नाही.