चुना सुकेपर्यंत

मित्रांनो, मी राहात्याच्या फक्रुद्दीन गवंड्याच्या न्हाणीतली काळ्या दगडाची फरशी. माझ्या पोटाखाली पोकळ वाट आहे. बाहेरच्या चुलीत जाळ केला की ऊब त्या वाटेने येते आणि मी गरम होते. अशा फरशीने मिजास करायला हवी, पण मला ती कधी जमली नाही.

पूर्वी इथे मातीची जमीन आणि एक गार दगड होता. फक्रुद्दीनची लेक जहिरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती ऐन थंडीत. न्हाऊ घालताना बाळाला गारठा बाधला, छाती भरली आणि ते गेलं. जहिरा कोपरगावला सासरी परतली ती रिकाम्या ओटीने. १९४४ साली तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा फक्रुद्दीन जावयाला म्हणाला, "ह्ये बाळंतपनबी माज्याच घरी. आदी न्हानी उबदार करतो, मग नेतो तिला."

त्याने सगळी न्हाणी उकरली. मला खाणीवरून निवडून आणलं, टाकीने घडवलं आणि पुन्हा पुन्हा तळहात फिरवून पाहिलं. "लेकराला खरचटाया नगं," तो पुटपुटायचा. इतके लाड कुठल्या दगडाचे होतात? लढाईचे दिवस होते, सिमेंट मिळत नव्हतं. म्हणून माझे सांधे चुन्यात भरले. चुना मात्र सावकाश सुकतो.

जहिराला नववा लागला. फक्रुद्दीनची बायको मुबारकबी रोज विनवायची, "अवो, पोरीला आना आता. मी मांडीवर न्हाऊ घालीन, पन ती माज्या डोळ्यांम्होरं असू द्या."

फक्रुद्दीन सांध्यात नख रुतवून बघायचा. "अजून वला हाय. जाळ घातला तर फुटंल. थोडी कळ काढ."

कच्च्या कामावर कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही, ही त्याची जन्माची सवय. लेकीच्या बाबतीतही तो तसाच वागला.

अखेर एके दिवशी नख रुतेना. तो हसत गाडी जुंपायला निघाला, तेवढ्यात कोपरगावचा टांगेवाला छगन दारात येऊन उभा राहिला. "चाचा, पोरगी झाली. पन जहिरा... जहिरा न्हाई ऱ्हायली."

फक्रुद्दीन आत आला आणि माझ्यावर मटकन बसला. मी खणखणीत पक्की झाले होते. त्या दिवशी मला माझ्या पक्केपणाची लाज वाटली.

पुढे नातीला इथेच आणलं. मुबारकबी पाय पसरून बसायची, पायांवर लेकरू घेऊन न्हाऊ घालायची आणि रडायची. पोर गुटगुटीत झाली. शेजारणी मला बघायला यायच्या, वाखाणायच्या. फक्रुद्दीनने मात्र माझ्यावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही. भर हिवाळ्यातही तो विहिरीवर गार पाणी अंगावर ओतून घ्यायचा. म्हातारपणी दातांवर दात वाजायचे, तरी त्याने ऐकलं नाही.

आता ती चूल मोडली आहे, माझ्यावर अडगळ पडली आहे. मित्रांनो, माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. दगड काय, कसाही पडून राहतो. पण तुमचं कुणी वाटेकडे डोळे लावून बसलं असेल, तर घर नीट होईपर्यंत थांबू नका. आधी त्याला घेऊन या.