खरवडलेली पाटी

माझ्या दुकानाच्या पाटीवर ठळक लिहिलं होतं, ‘औषधांच्या माऱ्यातून यकृत आणि किडनी वाचवणारा मुळ्यांचा अर्क.’ माझ्या लेकीने तोच अर्क तिच्या प्रयोगशाळेत उंदरांवर तपासला आणि भरल्या सभागृहात सांगितलं, "यकृत वाचलं, किडनी नाही वाचली. अर्क माझ्या बाबांचा आहे."

शेजारी बसलेला मेहुणा कुजबुजला, "दाजी, पोटच्या पोरीने नाक कापलं की तुमचं!"

"गप्प बस," मी खेकसलो. "छाती फुगलीय माझी, दिसत नाही?"

दुसऱ्या सकाळी शिडी लावून मीच ‘आणि किडनी’ खरवडून काढलं.

गिऱ्हाईक म्हणालं, "अरेरे, पाटीची वाट कोणी लावली?"

"मीच लावली. पण उरलंय ते नीट वाचा. ते माझ्या लेकीने तपासलंय."