तेवीस मीटर

अमरनाथनं कॅमेऱ्याच्या काचेवरचा चिखल फडक्यानं पुसला, पिवळ्या वायरीचं वेटोळं सैल केलं आणि लिंबाएवढं ते डोकं न्हाणीमागच्या पायपात पुन्हा ढकललं. खड्ड्याच्या काठावर दैवशाला पदराचं टोक नाकाशी धरून उभी होती. पेटीच्या झाकणातल्या पडद्यावर आधी नुसता अंधार हलला, मग पायपाची गोल भिंत उजळली आणि कोपऱ्यातले आकडे चालायला लागले. एक मीटर. दोन. साडेतीन. तिथं भिंत वाकली.

"हितनंच डावीकडं," अमरनाथ म्हणाला. "मावशी, ही संडासाची लाईन हाय का तुळजापूरचा घाट?"

दैवशाला हसली नाही. पंधरा दिवसांत तिचं हसणं पार आटलं होतं. आधी बांबूच्या कामट्या झाल्या, मग ॲसिडच्या चार बाटल्या झाल्या, मग नगरपालिकेची गाडी येऊन रस्त्याकडेची टाकी उपसून गेली. टाकी रिकामी झाली तरी न्हाणीत पाणी उलटं यायचं ते यायचंच. सकाळी उठावं तर घोट्याएवढं काळं पाणी, आणि त्यावर तरंगणारी साबणाची वडी.

शेवटी तिनंच सोलापूरच्या बहिणीला फोन करून हा कॅमेरावाला बोलावला होता. नवऱ्याला न विचारता.

हर्षालीला सातवा संपत आला होता. एकुलती एक लेक. आठवड्यापूर्वी तिची सासू उमरग्याहून सहज म्हणून येऊन गेली. हातपाय धुवायला न्हाणीत गेली आणि लुगडं घोट्यावर उचलून तशीच मागं फिरली. चहा अर्धा ठेवला. जाताना म्हणाली, "सोय झाली की कळवा, विहीणबाई. पुढल्या गुरुवारपतुर धाडतो. शुक्रवारी आठवा लागला की मग आमच्यात गाडीत बसवत न्हाईत. होऊ द्या मग बाळंतपण तिकडंच."

आज मंगळवार होता. पहिल्या बाळंतपणातली रात्र कशी असते, ते दैवशालेला जितकं ठाऊक होतं तितकं त्या बाईला नव्हतं. लेक डोळ्यांसमोर हवी होती तिला, एवढंच.

"साडेसहा मीटरला उजवीकडं," अमरनाथ म्हणाला. "आणि हे बघा. नऊ मीटरवर सांधा निखळलाय. पुढं सगळं गच्च."

पडद्यावर पायपाच्या पोटात केस, चिंध्या आणि काळ्या लगद्याचा एक बांध दिसत होता. दैवशालेनं क्षणभर पाहिलं आणि मान वळवली. आपल्याच घराचं असं आतून बघणं तिला नको झालं.

टाकीच्या बाजूनं तो सकाळीच कॅमेरा घालून आला होता. तिकडनंही दोन वळणं. त्यानं वहीत बेरीज केली, पुन्हा केली, आणि पेन्सिल कानावर ठेवली.

"न्हाणीपासनं टाकीपतुर सरळ सतरा मीटर. तुमचा पायप किती, सांगू? तेवीस. मधी चार एल्बो. एकेक काटकोन. घाण तिथं बसणार न्हाय तर कुठं बसंल?"

"म्हणून सापडना व्हय," बंडप्पा म्हणाला. बंडप्पा शेजारच्या गल्लीतला, खोदकामाला गडी म्हणून लावलेला. दोन्ही टोकांचे खड्डे त्यानंच घेतले होते. "आठ दिस मी म्हणतोय वैनी, पायप हितनं निघतो, तिथं पोचतो, आन् मधी कुठं पाव्हणा जातो?"

दैवशालेनं परसाच्या भिंतीकडं पाहिलं. तिचा नवरा वैजनाथ तिथं पालथ्या घमेल्यावर बसला होता, अंगणाकडं पाठ करून. एकतीस वर्षं त्यानं हायवेवर मैलकुली म्हणून काढलेली. उन्हाळ्यात तापल्या डांबराशेजारी उभा राहून रस्त्याच्या कडेची सुतं धरलेला माणूस. दहा वर्षांपूर्वी ती माहेरी आठ दिवस गेली असताना त्यानं गवंड्याला परत धाडून हा पायप एकट्यानं टाकला होता. ती आली तेव्हा माती सारवून सारखी झालेली. तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं. आणि या पंधरा दिवसांत विचारावं तेव्हा एकच उत्तर, 'माझ्या ध्येनात न्हाय.'

"ऐकलं का वो," ती म्हणाली. "चार वळणं. जनमभर दुसऱ्याचे रस्ते सरळ केले, आन् स्वतःच्या घरात हे असं."

नळदुर्गाबाहेरच्या हायवेवरून एक कंटेनर घोंघावत गेला. घमेल्यावरची वैजनाथची पाठ तेवढ्यात जरा वाकल्यासारखी झाली.

"जमिनीवर आखून घेऊ," अमरनाथ म्हणाला. "मग ठरवू. चुन्याची फक्की हाय का?"

फक्की नव्हती. दैवशालेनं आतून रांगोळीचा डबा आणला.

अमरनाथकडं रॅकेटसारखं एक यंत्र होतं. कॅमेरा खाली जिथं असेल तिथं वर ते वाजायचं. तो थोडी वायर ढकलायचा, उठून यंत्र जमिनीवरून फिरवायचा, वाजलं की पायाची टाच टेकवायचा, आणि दैवशाला तिथं चिमूटभर रांगोळी सोडायची. गच्च भागापलीकडचे ठिपके त्यानं टाकीच्या बाजूनं कॅमेरा घालून काढले. ती वाकत गेली, ठिपके पडत गेले. शेवटचा टाकीच्या झाकणाशी पडला तेव्हा तिनं कंबरेवर हात ठेवून मागं वळून पाहिलं.

न्हाणीपासून निघालेली ठिपक्यांची ओळ थोडी सरळ आली होती. मग डावीकडं फुटली होती, जांभळाच्या आळ्यापर्यंत जाऊन तिथून लांबवर गेली होती, आणि पुन्हा उजवीकडं येऊन आपल्या मूळ वाटेला लागली होती. वाटेत कुणी झोपलेलं असावं आणि जाणाऱ्यानं त्याला वळसा घालावा, तशी.

"मधी काय होतं?" अमरनाथनं विचारलं. "विहीर? धान्याचं पेव?"

"काय नव्हतं," दैवशाला म्हणाली. "मी लग्न होऊन आले तवापासनं मोकळंच हाय."

"झाड?"

"न्हाय."

"काका, काय होतं मधी?"

वैजनाथ पहिल्यांदा बोलला. "खडक लागला हुता."

बंडप्पाला हसू आलं. "खडक? वैजनाथराव, हितं सगळा मुरूम. परवा मी पलीकडं चार हात उतरलो, पहारीला नुसतं लोणी." तो पहार घेऊन ठिपक्यांच्या वळणाआत, त्या मोकळ्या जागेत गेला. "हे बघा, दावतोच."

त्यानं पहार दोन्ही हातांनी वर उचलली.

वैजनाथ कधी उठला ते कुणाला कळलं नाही. साठीचा माणूस, गुडघ्यानं अधू, पण पहार खाली यायच्या आत त्यानं ती मधेच धरली होती.

"न्हाय," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की बंडप्पालाच तेवढा ऐकू गेला असावा. बंडप्पानं पहार सोडून दिली.

दैवशालेच्या ओठावर चांगला तिखट शब्द आला होता. तो तसाच राहिला. तिची नजर खाली गेली होती. वैजनाथचे पाय उघडे होते. चपला रांगोळीच्या ठिपक्यांबाहेर होत्या, एक पालथी, एक उताणी, धावताना पायातून काढून टाकलेल्या. एवढ्या घाईतही.

मग तिला एकेक आठवत गेलं. जळण रचायला ही जागा सोयीची, पण त्यानं कधी रचू दिलं नाही. ओल धरते म्हणाला. शेळी बांधू दिली नाही. हर्षालीच्या लग्नात मांडवाचा खांब इथं रोवायला निघाले, तर यानं सगळा मांडव दोन हात पलीकडं सरकवला, आणि व्याह्यांसमोर ती त्याला चिडून बोलली होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी, हर्षालीच्या आधी, सरकारी दवाखान्यात त्यांचं पहिलं लेकरू एक रात्र जगलं होतं. मुलगा होता. सकाळी वैजनाथनं त्याला तिच्याच टॉवेलात गुंडाळून नेलं. सासू म्हणाली, बाळंतिणीनं जागा विचारायची नसते, विचारली तर पुढं कूस उजवत नाही. तिनं विचारली नाही. हर्षाली चालायला लागल्यावर मात्र एकदा, भाकरी वाढता वाढता, विचारली. तो ताटाकडं बघत म्हणाला होता, "वढ्याच्या पल्याड."

तेव्हापासून ओढा ओलांडताना तिची चाल आपोआप हळू व्हायची. कुणी सोबत असलं तर चप्पल नीट करायचं निमित्त करून ती तिथं थांबायची. पल्याडचं सगळं गवत तिच्या ओळखीचं झालं होतं.

"मावशी, ऐका," अमरनाथ वही मिटत म्हणाला. "जुनं विसरून जावा. न्हाणीपासनं टाकीपतुर दोरी धरा, सरळ चर मारा, नवा पायप टाका. बंडप्पा एकटा उद्या संध्याकाळपतुर करतोय. गुरुवारी लेक आणा खुशाल."

वैजनाथ पहार धरून तसाच उभा होता. त्यानं बायकोकडं पाहिलं नाही. पहारीवरची त्याची बोटं मात्र आवळली होती.

"सरळ नको," दैवशाला म्हणाली.

"मग?"

"हाय तसंच. ह्याच ठिपक्यांवरनं."

अमरनाथनं तिच्याकडं, मग वैजनाथकडं पाहिलं. "अवो पण मग वळणाला चेंबर बांधावं लागतील. चारी. काटकोन काढून बाकदार तुकडे बसवावे लागतील. उतार धरायचा तर चर आणखी खोल. एका गड्याचं काम न्हाय हे. शनिवार उजाडंल."

"गडी वाढले तर?"

"तीन तरी पायजेत. तरी गुरुवार दुपारचं मी सांगत न्हाय."

"तीन हायेत," ती म्हणाली. "तुमी सामान किती ते लिहून द्या."

बंडप्पा अमरनाथबरोबर सामान आणायला मोटारसायकलवरून गेला. परसात दोघंच राहिली.

दैवशालेनं पदर खोचला. भिंतीशी दोन खोरी टेकलेली होती, त्यातलं हलकं उचललं आणि जांभळाकडच्या वळणाशी जाऊन पहिला घाव घातला. मुरूम खरंच मऊ होता. वैजनाथनं पहार बाजूला ठेवली, दुसरं खोरं घेतलं आणि दुसऱ्या टोकाला वाकला.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं.

"वढा म्हणला हुता तुमी," ती न थांबता म्हणाली.

"व्हय."

"सत्तावीस वर्सं मी तिकडं बघत हुते."

वैजनाथनं खोरं टेकवलं. "आईनं शपथ घातली हुती. मग आई गेली." खोऱ्याला चिकटलेली माती त्यानं बोटानं निपटली. "मग लईच दिवस झाले हुते."

तिनं आणखी चार घाव घातले. राग होता तो तसाच होता, हातात उतरत होता. खोदलेली माती ती वळणाच्या आतल्या अंगाला टाकत होती. तिकडं मोकळं होतं, सोपं जात होतं. मग तिचा हात थांबला.

"डोकं कुण्या अंगाला हाय?"

खोरं धरलेल्या हाताच्या मनगटानं वैजनाथनं कपाळ पुसलं.

"घराकडं," तो म्हणाला. "तुझ्या खोलीकडं."

दैवशालेनं मान हलवली. आत पडलेली माती तिनं खोऱ्यानं नव्हे, हातांनी ओंजळ ओंजळ उचलून बाहेर काढली, आणि पुढची सगळी माती वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जांभळाच्या बुडाशी टाकत राहिली.