बाबांची शिक्षा

“जुळत नाहीये, विजू. दोन्हीकडे तेच लिहिलंय, तरी जुळत नाहीये.”

आमचे हे दात घासायच्या आधीच लॅपटॉपशी भांडत बसले होते. मी पोह्यांना फोडणी देत होते. म्हटलं, “मग सोडा त्याला. आधी आंघोळ उरका.” तर उठले, गॅलरीत गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. सगळा महिना असाच चाललेला. घरात माणूस आहे की येरझाऱ्या, हेच मला कळेनासं झालं होतं.

शशिकांत, म्हणजे आमचे हे, इथे दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात आहेत. कुठल्या राज्यात किती जागा रिकाम्या आहेत, हे सांगणारी सीट त्यांची. या सीटवर त्यांचा फार जीव. वरचे साहेब स्वतः त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणायचे, “शशिकांतजी, ज़रा बताइए.” त्या ‘जी’वर हा माणूस जगलाय, मी काही उगाच म्हणत नाही. पण नव्या डायरेक्टर मॅडमना सगळं स्क्रीनवर हवं. एक्सेलमध्ये तक्ता भरणं ह्यांना येतं, पण आता वेगवेगळे तक्ते एकमेकांना जोडून क्लिक केलं की उत्तर, असं पाहिजे. त्याला म्हणे डेटा मॉडेल म्हणतात. ज्याला जमेल त्याची सीट राहील. बाकीच्यांनी खाली डिस्पॅचमध्ये जाऊन टपालावर जांभळ्या शाईचे शिक्के मारायचे.

आमची रेवती गुडगावला राहते आणि दिवसभर हेच काम करते. ह्यांनी तिला फोन लावला आणि मग लावतच सुटले. ती मीटिंगमध्ये असली तरी, जेवत असली तरी. “बाबा, यार, नंतर करते ना,” हे मला फोनबाहेर ऐकू यायचं. शेवटी ती एका रविवारी घरी आली आणि लॅपटॉपवर एक फोल्डर करून गेली. शिकायचं सगळं सामान त्यात नीट लावून ठेवलेलं. एका हिंदी मास्तरांचे व्हिडिओ, एक्सेलवाल्यांचीच मदतीची पानं, सरावाच्या फायली, आणि तळाशी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. जाताना बजावलं, “फॉर्म्युले पाठ नका करू, बाबा. आधी व्हिडिओ, मग प्रॅक्टिस. पुस्तक एकदम शेवटी.”

आमच्या ह्यांनी अर्थातच पुस्तकापासून सुरुवात करायचं ठरवलं. आणि फोल्डर उघडायला गेले तेव्हा त्याचं नाव दिसलं.

“विजू, इकडे ये. हे वाच.”

मी चष्मा लावला. लिहिलं होतं, ‘बाबांची शिक्षा’.

“चेष्टा केली असेल,” मी म्हटलं.

“चेष्टा नाही. कंटाळलीय ती मला. आणि तिचं तरी काय चुकलं? मी पिच्छाच पुरवला होता.”

माझं डोकं सणकलं. हिला अक्षर ओळखायला शिकवताना आम्ही नव्हतो कंटाळलो ते. फोन करून चांगली झापणार होते, तर ह्यांनी फोन हातातून काढून घेतला. म्हणाले, “एक शब्द बोलायचा नाहीस तिला.”

त्यानंतर रेवतीला फोन बंद. तिचाच आला तर “छान चाललंय” म्हणून ठेवून द्यायचे. एकटेच झगडत बसायचे. हिंदी मास्तर म्हणायचे, “ये तो बिल्कुल आसान है,” आणि हे नेमके तिथे अडकायचे. अडकले की येरझाऱ्या. समोरच्या घरातला जयदीप कॉम्प्युटरचंच काम करतो, त्याला विचारा म्हटलं, तर तेही नको. लेकीला जे जड झालं ते परक्याला कशाला सांगायचं, म्हणाले.

मग एका मंगळवारी ऑफिसातून आले ते बूट न काढता बसले.

“लिहून दिलं,” म्हणाले.

“काय लिहून दिलं?”

“डिस्पॅच द्या म्हणून. कुणी उठवण्यापेक्षा आपणच उठलेलं बरं. मॅडमनी लगेच सही केली.”

सरकारात साधी खुर्ची बदलून मिळायला वर्ष जातं, आणि ही सही मात्र हातोहात झाली. मला रागही आला आणि रडूही आलं. मी भांडी आपटली. ते दुसऱ्या दिवशी डबा घेऊन डिस्पॅचमध्ये गेले.

रविवारी रेवती आली. सँडल काढता काढताच विचारते, “बाबा, शिक्षा कशी चाललीय?”

एवढी हिंमत. मी म्हटलं, “शिक्षा कशी चालणार? भोगायची.”

“भोगायची म्हणजे?” तिला तो शब्दच कळला नाही. “अगं आई, ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलंय मी, मेरे पापा इस उम्र में शिक्षा ले रहे हैं. सगळे एवढे इंप्रेस झालेत.”

शिक्षण. शिक्षण म्हणायचं होतं कार्टीला. सरोजिनी नगरच्या शाळांच्या पाट्यांवर रोज वाचते मी हा शब्द, हिंदीत. पण घरात, ‘बाबांची’च्या शेजारी दिसला आणि आम्ही दोघांनी तो मराठीत वाचला. पहाडगंजच्या मराठी शाळेत मी जन्मभर मराठी शिकवलं, आणि माझ्याच पोरीचं मराठी मला वाचता आलं नाही.

सांगणारच होते तिला, की बयो, तुझ्या एका शब्दापायी बापाने सीट सोडली. तोंड उघडलं तर ह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“संपली शिक्षा,” ते रेवतीला म्हणाले. “आता नुसतं शिकायचंय.”

“म्हणजे सीट पक्की?”

“तू आधी इकडे बस. हे जुळत का नाही ते दाखव.”

ती खुर्ची ओढून त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली. मी दारातच उभी राहिले.

“बाबा, दोन्हीकडे ‘कोड’ लिहिलंय, पण हा राज्याचा आहे आणि हा पोस्टचा. नाव सेम, मीनिंग वेगळं. कसं जुळणार?”

“असं होय,” हे म्हणाले. “मग काय करायचं?”

“काही नाही, नाव बदलायचं. करा तुम्हीच.”

त्यांनी माउस धरला. तेव्हा तिचं लक्ष गेलं.

“हे बोटांना जांभळं काय लागलंय?”

“पेन गळलं,” ते म्हणाले, आणि त्याच बोटाने क्लिक केलं.