आडवी पळी

देवव्रत दुसऱ्यांदा आला तो पेढे घेऊन, आणि शशिकलाबाई तिथेच सावध झाल्या. पहिल्या खेपेला हात हलवत आलेला माणूस दुसऱ्या खेपेला पेढे आणतो, तेव्हा मधल्या आठ दिवसांत त्याला काहीतरी हवंसं झालेलं असतं.

देवव्रत मूळचा पुण्याचा, दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका जाहिरात कंपनीत नोकरीला. पाडव्याला मराठी मंडळात ओळख झाली. बाई एकोणऐंशी सालापासून दोह्यात आहेत हे कळल्यावर तो नुसता हरखला होता.

"आजी, नोव्हेंबरात वर्ल्ड कप. जगभरातून लोक येणार. त्यांना काचेचे टॉवर घरीही दिसतात. जुनं दोहा दाखवायला हवं. ही नजमा वस्ती, ही बिल्डिंग, तुमचं स्वयंपाकघर. फक्त एक फोटो!"

"आणि तो लागणार कुठे?"

"हॉटेलांत, विमानातल्या मासिकात. आमच्याकडे टुरिस्टांची जाहिरात वेगळी, इथल्या लोकांची वेगळी. माणूस बदलला की बोलणं बदलायचं."

"मग मी कोणात रे? टुरिस्टांत की इथल्यांत?"

देवव्रत हसला, आणि उत्तराऐवजी त्याने आपणच आणलेला पेढा तोंडात टाकला.

शशिकलाबाईंना सूक वाकिफच्या जुन्या बाजारातला उस्मान पेंटर आठवला. त्या नव्यानेच आल्या होत्या तेव्हा दुकानांच्या पाट्या हाताने रंगवायचे. एका कापडवाल्याने उस्मानकडून दोन पाट्या करून घेतल्या. बाजाराकडच्या पाटीवर, 'नवा माल आला.' बंदराकडच्या पाटीवर, जहाजावरच्या खलाशांसाठी, 'दुकान बंद होत आहे, मिळेल त्या भावात घ्या.' उस्मान पोटभर हसायचा. "भाभी, दो बोर्डवाले की दुकान में कपडा मत लेना," तो म्हणायचा. दुकान बंद काही झालं नाही. बाईंनी मात्र तिथून साधा रुमालसुद्धा कधी घेतला नाही.

तरीही त्यांनी फोटोला हो म्हटलं. नाही म्हणायला नेमकं कारण सापडेना, आणि नात ईरा मागे लागली होती. "Please, Aaji, it's so cool!"

तसं बिल्डिंगमध्ये त्या दिवसांत कोणालाच करमत नव्हतं. होळीपासून अनोळखी माणसं येऊन जिने मोजत होती, भिंतींचे फोटो काढत होती. मालकाला वर्ल्ड कपच्या आधी जागा रिकामी हवी आहे, अशी कुणकुण होती. मग अकरा बिऱ्हाडं शशिकलाबाईंच्या बैठकीच्या खोलीत जमली आणि ठरलं, की पुढच्या मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा होईपर्यंत कोणी हलायचं नाही. एक घर फुटलं तर बाकीच्यांना हुसकायला वेळ लागणार नाही. ईरा दहावीला होती, वरच्या अंजनाची मुलगी बारावीला. बाई सगळ्यांत वडील, म्हणून प्रत्येक घराने शब्द दिला तो त्यांना.

फोटोच्या दिवशी देवव्रत एका फिलिपिनो फोटोग्राफरला घेऊन आला. वैशाखातली दुपार, एसी धापा टाकत होता. बाईंनी चहाचं आधण ठेवायला पातेलं काढलं.

"चहा नको, आजी. दूध तापवा. आणि ते उतू जाऊ द्या."

बाईंचा हात थांबला. "उतू? कशासाठी?"

"परंपरा म्हणून. पांढराशुभ्र फेस, छान दिसतो."

"अरे, नव्या घरात पाऊल टाकलं की दूध उतू घालतात. मी या घरात चव्वेचाळीसावं वर्ष काढतेय."

"रथसप्तमीला घालतातच की!"

"रथसप्तमी माघात. हा वैशाख आहे. आई नाही का रे तुझी पुण्यात, तिला विचार."

बाईंची पाठ वळताच त्याने गॅस मोठा केला. बाईंनी बारीक केला. त्याने पुन्हा मोठा केला. दूध कडेने वर चढू लागलं तशी बाईंनी भिंतीवरची आईची लांब दांड्याची पितळी पळी काढली आणि पातेल्यावर आडवी ठेवली. दूध पळीपर्यंत आलं, तिला टेकलं आणि खाली बसलं.

"आजी, ती पळी काढा ना!"

पण पितळ खिडकीतल्या उन्हात असं झळकलं, की फोटोग्राफर ओरडला, "No, no! Leave it. Very authentic. Tourists love this."

मग काय, फोटो निघाला. पळीसकट.

जूनमधल्या एका शुक्रवारी बाई खाली किराणा दुकानात गेल्या. जिन्यात अंजना भेटली. नांदेडची ही बाई, रोज लांबूनच "काकू!" म्हणून हाक मारायची. आज तिने तोंड फिरवलं. दुकानात दोघी होत्या, त्या बोलता बोलता थांबल्या. शनिवारी कोणी विरजण मागायला आलं नाही. रविवारी ईरा शाळेतून आली ती रडवेली. "They're saying we're moving. Are we?"

तिने दप्तरातून दुकानांत फुकट मिळणारं साप्ताहिक काढलं. मागचं पूर्ण पान. शशिकलाबाई हसऱ्या चेहऱ्याने शेगडीपाशी, आणि पातेल्यातून दूध भरभरून उतू जातंय. शहराबाहेरच्या नव्या टॉवरमधल्या फ्लॅटची जाहिरात होती. वर इंग्रजीत, खाली हिंदी आणि मराठीत छापलं होतं, 'शशिकला आजींनी नजमा सोडलं. तुम्ही कधी येताय?'

चव्वेचाळीस वर्षांत त्यांच्या शब्दाला कोणी बोट लावलं नव्हतं. मुलगा प्रताप रास लफ्फानला गॅसच्या कंपनीत ड्यूटीवर, दोन दिवसांनी येणार. त्यांनी देवव्रतला फोन लावला.

"अहो आजी, ती इथल्या लोकांची आवृत्ती. दूध कॉम्प्युटरवर थोडं खुलवलं इतकंच. तुम्ही सही केली होती ना कागदावर?"

"हॉटेलासाठी म्हणून केली होती."

"कागदावर हॉटेल असं कुठे लिहिलंय?"

बाईंनी फोन ठेवला, साप्ताहिक उचललं आणि दोन जिने चढून अंजनाचं दार वाजवलं. दारात दोन खोकी बांधून ठेवलेली होती.

"या की," अंजना दारातूनच म्हणाली. "पेढे आनले का वास्तुशांतीचे? आमाला शबूद द्याया लावला अन् तुमी पयल्या पळालात. उद्या आमी बी जातोय तिथंच सही कराया. काकूच गेल्या तर आमी कशाला ऱ्हाऊ?"

"सही कर. पण आधी हे बघ."

"तीन दिस झाले बघून!"

"तू दूध बघितलंस. पातेलं बघ."

अंजनाने पान हिसकावून घेतलं. पाहता पाहता तिच्या कपाळावर आठ्या चढल्या, मग उलगडल्या.

"आगं बया! पळी?"

"आडवी."

"आडवी पळी ठिवून कोन दूध उतू घालतं? दूध जाऊ नये म्हनून तर ठिवत्यात!" तिने पुन्हा पाहिलं. "अन् पळी तर वरनं कोरडी ठक्क. एवढा फेस तिच्यावरनं गेला, अन् थेंब न्हाई?"

"विमानात बसणाऱ्यांना काय कळणार त्यातलं," शशिकलाबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला कळायला हवं होतं, अंजना."

अंजनाने मान खाली घातली. मग फोन काढून नवऱ्याला लावला. "ओ, उद्याची रजा नका घेऊ. न्हाई जायाचं. खलास. घरी या, दावते."

संध्याकाळपर्यंत पळीभोवती लाल वर्तुळ काढलेला तो फोटो अकरा घरांत फिरला. सगळ्या बायका एकेक करून खाली आल्या. कोणी माफी मागितली, कोणी नुसतंच विरजण मागितलं. अंजनाच्या नवऱ्याने खोकी सोडली. शशिकलाबाई सगळ्यांशी हसून बोलल्या, पण कोण कधी आलं आणि कोण शेवटी आलं, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. पूर्वी असं त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारच्या अंकात तेच पान पुन्हा होतं. दूध तसंच, हसू तसंच. पळी मात्र नव्हती.

त्याच दुपारी बेल वाजली. बाईंनी दाराच्या भिंगातून पाहिलं. देवव्रत होता, हातात मिठाईचा डबा, गेल्या वेळेपेक्षा मोठा. आत शेगडीवर दूध तापत होतं. शशिकलाबाई मागे वळल्या, पळी पातेल्यावर आडवी ठेवली आणि खिडकीतून वरच्या मजल्यावर हाक दिली, "अंजना, खाली ये गं. साक्षीला."

मगच त्यांनी कडी काढली.