शेगडा आणि बबिताचा जॉब

मित्रांनो, मला शेगडा म्हणतात. नाव ऐकून तुम्हाला घरातली शेगडी आठवली असेल, पण तिचं-माझं काही नातं नाही. मी लोखंडाचा, दोन जबड्यांचा, टेबलाला बोल्टने घट्ट बसवलेला. मुलं कानशीने लोखंडाचा तुकडा घासतात, तेव्हा तो हलू नये म्हणून मी धरून ठेवतो. यवतमाळातल्या एका तांत्रिक विद्यालयात मी एकतीस वर्षं हे एकच काम करतो आहे.

ओतशाळेतून आलो तेव्हा माझा हिरवा रंग चमकायचा. साहेब लोक आले की आधी मला दाखवत. पुढे रंग उडाला आणि अहवालात माझ्यापुढे ‘सुस्थितीत’ असं लिहू लागले. सरकारी भाषेत याचा अर्थ, नवा येणार नाही.

आमच्याकडे जिल्हाभरातून परीक्षा देऊन मुलं येतात. बबिता आली त्या साली कार्यशाळेत मुलगी ती एकटीच. महागावकडच्या तांड्यावरची, नववीतली, राहायला वसतिगृहात. पहिल्या दिवशी तिने माझा दांडा फिरवला तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, “हे भाकरी थापाची जागा नाही वो बाई.”

“तुले तं तेही येत नसन,” बबिता मागे न पाहता म्हणाली आणि तिने कानस उचलली.

कार्यशाळेत त्या लोखंडाच्या तुकड्याला ‘जॉब’ म्हणतात. का म्हणतात, ते कोणी विचारत नाही. घासून घासून त्याचे चारही कोन काटकोनात आणायचे. मग काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. ज्याचा हात चांगला, त्याला धर्मपाल सर परीक्षेचा जॉब आधी देत. त्या दिवाळीनंतर तो सगळ्यांत आधी बबिताला मिळाला.

माझ्या खिडकीबाहेरच रुपया टाकायचा फोन होता. तिने तांड्यावरच्या दुकानात लावला आणि वडिलांना बोलावून घेतलं.

“बा, मले जॉब भेटला. सगळ्यायच्या पयले मलेच.”

रुपया संपला, फोन कटला.

तिचे वडील रूपसिंग जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. त्या वर्षांत कापसाचे असे हाल झाले की जिनिंगलाच कुलूप लागलं, आणि अर्धा तांडा ऊसतोडीला जाऊ लागला. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बबिताच्या आईची, रुपीबाईची, कंबर गेल्या हंगामात कामातून गेली होती. मुकादम म्हणाला, “अर्धा कोयता नेऊन मी काय करू? पोरीले घे.” रूपसिंगने होही म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. फोन आल्यावर मात्र नाही म्हटलं.

शनिवारी तो गूळ घेऊन थेट कार्यशाळेत आला. सरांच्या हातावर खडा ठेवला, मुलांना वाटला. “माह्या पोरीचं मशीन हेच काय?” म्हणत एक खडा माझ्या जबड्यावरही ठेवला. तोवर मला कोणी गोड दिलं नव्हतं.

“पोरगी नोकरीले लागली, सर. नायकानं साऱ्या तांड्यात सांगतलं.”

मुलं हसली. धर्मपाल सर हसले नाहीत. बबितानेच जॉब सोडवून वडिलांच्या हातात दिला.

“बा, जॉब म्हंजे हे.”

त्याने तो उलटसुलट करून पाहिला. “हे तं लोखंड हाय.”

“हो.”

“मंग नोकरी कधी?”

“दहावी, मंग आयटीआय, मंग अर्ज,” सर म्हणाले. “पाच-सहा साल धरा.”

“मुकादमाले आज सकायीच नाही म्हणून आलो,” रूपसिंग म्हणाला. मग उरलेल्या गुळाचा कागद त्याने तिच्यापुढे धरला. “खाऊन घे छोरी. गूळ चांगला हाय.”

आईला भेटवून आणतो, असं वसतिगृहात सांगून संध्याकाळी तो तिला घेऊन गेला.

सोमवारी बबिता आली नाही. सरांना वाटलं, ताप असेल. मंगळवारी वाटलं, तांड्यावर कोणाचं लग्न असेल. बुधवारी शाळेची तपासणी होती, म्हणून कोणालाच काही वाटायला वेळ नव्हता. गुरुवारी सरांनी फोन लावला. दुकानदार म्हणाला, “ते तं सोमवारी रातच्या ट्रकनं गेले, गुरुजी. त्यायचा कोयता पुरा झाला न आता.”

सरांनी रिसीव्हर ठेवला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की तेल द्या, गंज चढू देऊ नका. तेल मला मिळतं. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या वर्गात एखादीची जागा रिकामी दिसली, तर पहिल्याच दिवशी तिच्या घरी जा. सायकल नसेल तर पायी जा. चौथ्या दिवशी नुसता पत्ता कळतो, आणि तोही उसाच्या फडाचा.