पंधरा ऑगस्टचा बाजा

आमच्या मालकांच्या जिभेला हाड न्हाई, हे मी लगीन होऊन आले त्या सालापासनं सांगते हाय. कुनी दोन गोड शब्द बोललं की हे शब्द देऊन मोकळे. पन मागल्या साली स्वराज्य आलं त्या दिवशी ह्यांनी जे शेण खाल्लं, त्याची लाज अजून आमच्या घरातनं गेली न्हाई.

झालं असं. तिसगावच्या बाजारातनं बातमी आली, पंधरा ऑगस्टला झेंडा लागनार. गावात कमिटी झाली. चावडीपासनं शाळेपर्यंत झेंडा मिरवायचा ठरलं. मिरवायचा तर बाजा पायजे, आन अख्ख्या पंचक्रोशीत पितळी बाजा एकच, आमच्या वड्याकाठच्या किरिस्तावांचा. फादरनं आनून दिलेला. पीटर पोरांना शिकवतो. एरवी गाव त्याला पीटऱ्या म्हनतं, बाजा लागला की पीटर मास्तर! त्याचे आजे-पंजे आमच्याच गावच्या महारवाड्यातले. त्यांनी देव बदलला, पन गावाच्या लेखी वाडा तोच.

कमिटीनं ह्यांना धाडलं. पीटर म्हनला, "छगनराव, पंधरा ऑगस्टला आमच्या मरियामातेचा सण हाय. मिरवणूक संध्याकाळची. सकाळी आमी झेंड्यापुढं वाजवू, पैसा एक नको. पन मरियामातेला वेशीतनं, पेठेनं जाऊ द्या. इतकी वर्सं आमी गावाला वळसा घालून वड्याच्या वाटेनं नेतो."

"जाऊ द्या म्हंजे काय!" हे म्हनाले. "आता स्वराज्य आलं. वेशीत मी सोता हुभा ऱ्हातो."

सकाळी काय वाजवलं हो त्या पोरांनी! अंगावर काटा आला. आमचा गहिनीनाथ पाटील, ज्याला बापाच्या मयतीला रडू आलं नव्हतं, तो उपरन्यानं डोळे पुसत हुता. बाया झेंड्याला ओवाळायला पुढं झाल्या. मी पन ओवाळलं.

आन दुपारी त्याच पाटलानं चावडीत तोंड उघडलं. "झेंड्याची गोष्ट येगळी. त्यांचा देव आज वेशीतनं आला तर उद्या ते पानवठ्यावर येतील. शिवाय धोंड्याचा महिना. ह्या महिन्यात नवं काय करू नये." स्वराज्य धोंड्याच्या महिन्यात आलेलं चाललं बरं पाटलाला! कडब्याच्या दोन गाड्या वेशीत आडव्या लावल्या. आमचे मालक तिथंच हुते. हे काय बोलले म्हनता? काय न्हाई. उठले आन घरी आले.

धोंड्याचा महिना दर तीन सालानं येतो, तवा जावयाला बोलावून अनारसं खाऊ घालायची आमची रीत. आमचे जावई मच्छिंद्र त्याच दिवशी आल्ते. पान वाढलं, आन खालनं बाजा ऐकू यायला लागला.

मी म्हनलं, "अवो, उठा. वेशीत हुभं ऱ्हातो म्हनाला हुता न्हवं?"

"जावई पानावर हायत. कसा उठू?"

जावई बिचारे म्हनाले, "मामा, मी काय पळून जातोय व्हय? जाऊन या की." पन हे खाली मान घालून अनारशाचे तुकडे करीत बसले. बाजा वेशीपाशी आला आन थांबला. मोप वेळ थांबला. आमच्यात कुनी घास उचलंना. मग बाजा पुन्हा सुरू झाला, वड्याच्या अंगानं. मला मेल्याहून मेल्यागत झालं. गरज सरो आन वैद्य मरो, दुसरं काय!

त्या दिवसापासनं हे मळ्यात जायचे ते लांबच्या वाटेनं. पीटर समोरनं येताना दिसला की ह्यांच्या वहाणेत खडा जायचा. मी कितीदा म्हनलं, जाऊन दोन शब्द बोला. तर म्हनायचे, "अगं, झेंडा आन त्यांचा सण एका दिवशी, ते एकदा जुळून आलं, धोंड्याच्या महिन्यावानी. आता तीन सालं तरी न्हाई. तवर माणसं इसरत्यात." आमचे सगळे सण तिथीवर. दिवाळी कधी लवकर येते, कधी उशिरा. ह्यांना वाटलं मरियामातेचा सण पन असाच सरकत असंल.

औंदा नागपंचमी झाली आन कमिटी पुन्हा बसली, आमच्याच पडवीत. मी दाराआड जोंधळं निवडत हुते. ह्यांनी शाळेच्या मास्तरांना हळूच इचारलं, "गुरुजी, त्यांचा तो सण औंदा कधी हाय?"

"पंधरा ऑगस्टला."

"आन पुढल्या साली?"

"पंधरा ऑगस्टलाच, छगनराव. त्यांच्या सणाला तारीख असते. आपल्या स्वराज्यालाही तारीखच. आता दोन्ही दरसाल एकाच दिवशी येणार."

ह्यांचा चेहरा असा उतरला, मला भरल्या पडवीत त्यांची कीव आली. तोवर पाटील म्हनला, "छगन, बाजाचं तूच बघ. अडला हरी गाढवाचे पाय धरी."

माझं डोकं फिरलं. दाराआडनंच म्हनलं, "त्यातलं गाढव कोन, पाटील, ते बी सांगून ठेवा." पाटील पान जुळवीत बसला. संध्याकाळी हे उठंनात, म्हनून मी संगं गेले.

पीटर अंगनात चिंचेनं बाजा घासत हुता. त्याच्या बायकोनं, फिलोमिनानं, घोंगडं टाकलं. पानी इचारलं न्हाई. आमी तिच्या हातचं पीत न्हाई, हे तिला ठावं. माझा घसा कोरडा पडल्ता, पन मागायला तोंड हुतं का मला?

हे म्हनाले, "मास्तर, ते... पंधराला..."

"येतो की," पीटर म्हनला. "सकाळी किती वाजता?"

एवढंच! ना राग, ना टोमना. मला वाटलं, बाबा, एक शिवी तरी दे. हे जरा धीट झाले. "संध्याकाळी औंदा मी सोता..."

पीटरनं हात वर केला. "छगनराव, औंदा शब्द देऊ नका. दिला न्हाई म्हंजे मोडायला नको. झेंडा आमचा बी हाय, म्हनून आमी वाजवतो. आमची मिरवणूक आमी वड्यानं नेऊ."

फिलोमिना म्हनली, "गेल्या साली पोरांनी नवी कापडं घातल्ती, वेशीतनं जायचं म्हनून. परत फिरताना इचारत हुती, आई, आपलं काय चुकलं? काय सांगायचं मी त्यांला, मालनबाई?"

तिनं मला इचारलं. मी पदराचं टोक पिळत बसले. मालक एवढंच म्हनाले, "येतो."

पंधरा तारखेला बाजा वेळेवर आला. झेंडा लागला. गूळ-खोबरं वाटलं. दुपारी पाटलानं वेशीत पुन्हा गाडी लावली, ते येनार न्हाईत ठावं असून. म्हनला, "असू दे. सवय मोडाया नको."

हे घरात आले, पटका बांधला आन बाहेर पडले. मी मागं. ह्यांनी जुवाला खांदा लावला आन कडब्यानं भरलेली गाडी एकट्यानं मागं रेटली. बैल न्हाई, कुनाचा हात न्हाई. छाती फुटती का काय वाटलं मला. पाटील वरडला, "छगन! कुनाला इचारलंस?" ह्यांनी गाडी भिंतीला लावली आन उघड्या वेशीच्या मधी जाऊन हुभे ऱ्हायले.

दिवस कलला. वेशीपाशी गाव गोळा झालं, तमाशा बघायला. खालनं बाजा निघाला. फाट्यापाशी आला. तिथनं एक वाट वेशीला येती, दुसरी वड्याला जाती. फाट्यावरनं वेस सरळ दिसती. मरियामातेच्या पालखीपुढं पीटर हुता. त्यानं वर बघितलं. वेस उघडी बघितली, मधी हुभे हे बघितले. मी मनात म्हनलं, ये रे बाबा, ये.

तो वड्याच्या वाटेला वळला. त्याच्या मागं पोरं, बाया, पालखी, समदी वळली.

कुनीतरी हसलं. पाटील म्हनला, "काय छगनराव, कुनाची वाट बघता?"

"पीटर मास्तरांची," हे मोठ्यानं म्हनाले, समद्या गावाला ऐकू जाईल असं. "मागल्या साली त्यांला मी बोलावलं आन घरात दडून बसलो. आज ते आले न्हाईत. बरुबर केलं त्यांनी."

मग कुनी हसलं न्हाई. एकेक करून मानसं पांगली. पाटील बी गेला. मी जाऊन ह्यांच्या शेजारी हुभी ऱ्हायले. घरी चला असं माझ्यानं म्हनवलं न्हाई. बाजा वड्यापल्याड गेला, बारीक झाला आन ऐकू यायचा बंद झाला.